धुलाईच्या वहीतली दोन अक्षरं

भागुराम सोनू मोहिते. माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार आहेत ते या माणसाचे. आजवरच्या कुठल्याही भाषणात, कुठल्याही पुस्तकाच्या प्रस्तावनेत मी हे नाव घेतलेलं नाही. घ्यायची वेळ आली की मी आमच्या सरांचं नाव घ्यायचो आणि टाळ्या पडायच्या. मोहित्यांचं नाव मी एका वहीत मात्र लिहिलं होतं — पुरतं नाही, नुसती दोन अक्षरं, आणि तीही त्यांच्या जागी बसून.

त्या दोन अक्षरांबद्दल मी कधी कुणाजवळ बोललो नाही. बायकोला सांगितलं नाही. तिला न कळताच ती गेली. मुलीला सांगितलं नाही. वर्षानुवर्षं ज्यांना शिकवलं त्या विद्यार्थ्यांपैकी एकालाही नाही. आता त्याच विद्यार्थ्यांनी माझा गौरवग्रंथ काढायचं ठरवलं आहे आणि माझ्याकडे लेख मागितला आहे — ‘धातूंच्या प्रयोगांत बफरची निवड’. माझा हातखंडा विषय. मुलं मला मागे ‘बफरवाले पोरे’ म्हणतात, मला माहीत आहे. तर मुलांनो, हाच तो लेख. छापायचा असेल तर अख्खा छापा. नाहीतर नको.

मऊ शब्दांत सांगणार नाही. आणि वाचताना मध्येच ‘त्या काळी तसंच चालायचं हो’ असं कुणाला म्हणावंसं वाटलं, तर त्यानं ते स्वतःजवळ ठेवावं. काळ माझ्या वतीनं खोटं बोलला नाही. मी बोललो.

आधी बफर म्हणजे काय, ते थोडक्यात. द्रावणाची आम्लता — तिला आम्ही पीएच म्हणतो — एका आकड्यावर धरून ठेवणारं मिश्रण म्हणजे बफर. त्यात थोडं आम्ल पडलं, थोडा अल्कली पडला, तरी आकडा फारसा हलत नाही. नवखा माणूस एवढंच शिकतो आणि समजतो, आकडा जमला म्हणजे झालं. पण द्रावणात धातू असेल — तांबं, जस्त, कॅल्शियम — तर बफर नुसतं बाजूला उभं राहत नाही. अमोनियाचं बफर तांब्याला धरून निळंशार करून टाकतं. सायट्रेट धातूला असं कवटाळतं की प्रयोगासाठी तो उरतच नाही. फॉस्फेट तर जस्ताचा सरळ पांढरा साका करून तळाशी बसवतं. ॲसिटेट त्यातल्या त्यात हात राखून असतं. म्हणून आकडा नंतर; आधी विचारायचं, या बफरचं माझ्या धातूशी काय नातं आहे? हे मी आयुष्यभर वर्गात सांगितलं. मला हे कुणी शिकवलं, तेवढं सांगितलं नाही.

मी फलटणचा. वडील बाजारात शिवणयंत्र चालवायचे. मी बी.एस्सी. झालो तेव्हा त्यांनी पेढे वाटले. पेढा खाणाऱ्यांना बी.एस्सी. म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, वाटणाऱ्यालाही नव्हतं. नोकरीसाठी मुंबईला आलो आणि लालबागला मावशीच्या खोलीत राहिलो. म्हणजे झोपायला बाहेरची गॅलरी आणि ट्रंक ठेवायला खाटेखाली जागा. परळच्या एका संशोधनसंस्थेतल्या सरांनी बिनपगारी काम करायची परवानगी दिली. ‘बघू,’ म्हणाले. त्या ‘बघू’वर मी आठ महिने काढले.

पहिल्याच दिवशी पिपेट तोंडानं ओढताना मी सोड्याचं द्रावण गिळलं. भागुराम मोहिते मोरीपाशी भांडी धूत होते. चाळिशीचा माणूस, खाकी हाफ शर्ट, तेजाबानं बोटांची कातडी पिवळी पडलेली. त्यांनी आधी पाणी दिलं, चूळ भरायला लावली, आणि मी ठीक आहे असं दिसल्यावर मग पोटभर हसले. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी ‘बी.एस्सी.’. कौतुकही त्यात, टपलीही त्यात.

मला जे काम येतं ते त्यांनी शिकवलं. सर शिकवायचे ते फळ्यावरचं. हातांचं मोहित्यांनी शिकवलं. ब्युरेटची तोटी कशी धरायची, डिस्टिल्ड वॉटरचा कॅन उघडा राहिला की ते का फेकून द्यायचं, पीएच मीटरचा काचेचा बल्ब कोरडा का पडू द्यायचा नाही. भांडं धुतलं की ते उजेडात तिरकं धरायचे. “अहो बी.एस्सी., पाण्याला विचारा. भांडं साफ असलं तर पाणी अंगभर पसरतं. मणी धरला की समजायचं, भांडं खोटं बोलतंय.”

दुपारी त्यांच्या डब्यातली अर्धी भाकरी माझी असायची. त्यांच्या बायकोला, अनुसयावहिनींना, हे कळलं तेव्हा डब्यात एक भाकरी वाढली. आम्ही सामानाच्या खोलीत बसून खायचो. मी दाराकडे पाठ करून बसायचो. का? कोण कुणाच्या डब्यातलं खातं आहे, हे बाकीच्या सहायकांना दिसू नये म्हणून. मोहिते बी.डी.डी. चाळीतले, त्यांची वस्ती कुठली हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाहेर मी त्यांना ‘दादा’ म्हणायचो. सर खोलीत आले की ‘भागुराम’ म्हणायचो, आणि ‘अहो’चं ‘अरे’ व्हायचं. त्यांना ते कळत होतं. पुढचं समजण्यासाठी एवढं पुरे — मी एका दिवसात भित्रा झालो नाही. सराव होता.

मग ती नोकरी. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं दिल्लीहून जाहीर झालं आणि शहर पेटलं, ते दिवस. ट्राम बंद, बस बंद, परळ-लालबागला गोळीबार, गिरगावात संचारबंदी. त्याच आठवड्यात आमच्या प्रयोगशाळेतल्या संशोधन सहायकाच्या जागेसाठी अर्ज फोर्टातल्या कचेरीत पोचायला हवा होता. मी गॅलरीत तापानं फणफणलेला. मोहिते आले, सहीचा अर्ज घेतला, डब्याच्या पिशवीत भाकरीखाली घातला आणि परळहून फोर्टापर्यंत चालत गेले. गिरगावात पोलिसांनी धरून तीन तास भिंतीशी बसवून ठेवलं. हे त्यांनी मला आठवड्यानं सांगितलं, तेही विनोद म्हणून. “डबा उघडला हवालदारानं. सुकटीचा वास आला तसा झाकण लावून परत दिलान. तुमची नोकरी सुकटीनं वाचवली, बी.एस्सी.”

जागा मला मिळाली. एका वर्षासाठी, पुढे सरांनी चांगला शेरा दिला तर कायम.

त्या वर्षी मी शिवाजी पार्कवरच्या एकूण एक सभेला गेलो. ‘झालाच पाहिजे’ असं घसा बसेपर्यंत ओरडलो. न्याय, अन्याय, स्वाभिमान — हे शब्द तोंडात अगदी सहज यायचे. हजारोंच्या गर्दीत ओरडायला काय लागतं? घसा लागतो. खोलीत चार माणसं असताना एक वाक्य बोलायला जे लागतं ते माझ्याकडे आहे की नाही, हे अजून तपासलं गेलं नव्हतं.

सरांचं संशोधन होतं माशाच्या यकृतातल्या एका प्रथिनावर. ते प्रथिन जस्त किती धरून ठेवतं, हे मोजायचं. त्यासाठी मोहिते पहाटे शीव कोळीवाड्यात जाऊन बर्फात घातलेली यकृतं घेऊन यायचे. ती वाटायची, गाळायची, पुन्हा गाळायची. दोन महिन्यांच्या खटपटीनंतर प्रथिनाची जेमतेम अर्धी बाटली जमली. प्रयोग ॲसिटेट बफरमध्ये करायचा, असं सरांनी लिहून दिलं होतं. का, ते लिहिलं नव्हतं. मीही विचारलं नाही.

त्याच सुमारास एकदा मोहिते शिकाऊ मुलांच्या नळ्या घासत होते. एक नळी त्यांनी माझ्यापुढे धरली. “हे बघा. जस्ताच्या नळीत पोरांनी फॉस्फेट ओतलं की असलं पांढरं पूट चढतं. घासून निघत नाय. तेजाबाचा एक थेंब टाकला की गायब. मळ नाय हा. मळ असता तर घासून गेला असता.” मी ‘हो का’ म्हटलं. चौथी शिकलेल्या माणसानं मोरीपाशी सांगितलेली गोष्ट ती. मी वहीत टिपून घेतली नाही.

मग तो दसरा आला. नागपूरला लाखो माणसं नवा धर्म घ्यायला निघाली होती. मोहित्यांनी रजा मागितली. प्रयोगाच्या तोंडावर रजा नाही, असं सर म्हणाले, आणि स्वतः परीक्षेच्या कामासाठी पुण्याला गेले. मोहिते माझ्याकडे आले. “एकदाच जायचं हाय, बी.एस्सी. पुन्हा कधी रजा मागणार नाय.”

मी म्हटलं, तुम्ही जा दादा. भांडी मी धुतो.

आमच्याकडे धुलाईची एक वही असायची. कुठली भांडी, कशानं धुतली, आणि पुढे धुणाऱ्याची सही. मोहिते सही करायचे — भा. मो. दोनच अक्षरं. ते तीन दिवस नव्हते. त्या तीन दिवसांपुढे ‘भा. मो.’ मी लिहिलं. हुबेहूब जमलं; शिंप्याचा मुलगा मी, नमुना बघून कापायची सवय. या सहीबद्दल मला आजही पस्तावा नाही, हे स्पष्ट लिहून ठेवतो. ज्या रजेला नाही म्हणण्याचा कुणाला अधिकारच नव्हता, ती मी दिली. त्या वर्षातलं माझं एकमेव धाडस ते. पुढे त्याचंच मी काय केलं, ते ऐका.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी प्रयोग लावायचा होता. सर तिसऱ्या दिवशी परतणार. त्यांना आकडे तयार हवे होते. भांडी मी पहाटेच धुतली. तेजाब, नळाचं पाणी, मग तीन वेळा डिस्टिल्ड वॉटर. एकेक नळी उजेडात तिरकी धरली. ॲसिटेट बफर करायला गेलो तर ॲसेटिक ॲसिडची बाटली रिकामी. प्रिन्सेस स्ट्रीटवरची रसायनांची दुकानं सणामुळे बंद. शेल्फवर फॉस्फेट बफरची भली मोठी बाटली उभी होती, शिकाऊ मुलांसाठी केलेली. पीएच मीटरला लावून पाहिलं, थोडं आम्ल घातलं — हवा होता तोच आकडा आला. आकडा जमला! मला आणखी काय हवं होतं? पुस्तकात लिहिलं होतं की बफरचं काम आकडा धरणं. मी पुस्तकाचा विद्यार्थी.

दोन महिन्यांचं प्रथिन मी चोवीस नळ्यांत वाटून टाकलं. वर जस्ताचं द्रावण घातलं. नळ्या नितळ होत्या. तासाभरानं खिडकीशी धरल्या तर आत धुकं. संध्याकाळपर्यंत चोवीसच्या चोवीस पांढऱ्या.

दुसऱ्या दिवशी सर यायच्या आधी मी एक नळी घेतली आणि तिच्यात हायड्रोक्लोरिक ॲसिडचा एक थेंब टाकला. पापणी लवते न लवते तोच पाणी नितळ. मळ नाय हा — मला मोहित्यांचा आवाज अगदी कानापाशी ऐकू आला. म्हणजे मला कळलं होतं. ही गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण सगळं हिच्यावर आहे. चौकशीच्या आधी, कुणी काही विचारण्याच्या आधी, मला कळलं होतं.

मी ती नळी मोरीत ओतली. धुतली. प्रयोगवहीतलं आदल्या दिवशीचं पान फाडलं, नवं लिहिलं, आणि ‘फॉस्फेट’च्या जागी ‘ॲसिटेट’ घातलं. दहा मिनिटं लागली. हात थरथरत नव्हते. थरथरत होते असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं.

का केलं? वर्ष संपायला तीन महिने होते. सरांचा शेरा त्या तीन महिन्यांत पडायचा होता. परत फलटणला जाऊन वडिलांच्या शेजारी दुसऱ्या यंत्रावर बसायचं मला भय वाटत होतं. हे कारण आहे. सबब म्हणून कुणी ते माझ्या हातात परत देऊ नये.

तोवर मला वाटत होतं की सर चिडतील, बफरबद्दल विचारतील, मी ‘ॲसिटेट’ म्हणेन, आणि गोष्ट ‘काय झालं कळत नाही’वर मिटेल. सरांनी एक नळी हातात घेतली आणि म्हणाले, भांडी घाण आहेत. धुलाईची वही मागवली.

सरांच्या खोलीत आम्ही चौघं. सर, हेडक्लार्क, आदल्या रात्रीच नागपूरहून परतलेले मोहिते, आणि मी. सरांनी आधी मला विचारलं, “पोरे, बफर कुठलं होतं?”

“ॲसिटेट, सर.”

दोन शब्द. माझं सगळं आयुष्य त्यांच्यावर उभं आहे.

सरांनी वही मोहित्यांकडे वळवली. “ही सही तुझी. त्या दिवसाची धुलाई तुझी. तुझं लक्ष हल्ली भांड्यांत नसतं, सभांत असतं.”

मोहित्यांनी वहीतली ती दोन अक्षरं पाहिली. माझं अक्षर. मग टेबलावरची एक नळी उचलली आणि सवयीनं उजेडाकडे तिरकी धरली. मी बघत होतो. त्यांना एका नजरेत समजलं — कुठलं बफर, काय झालं, सगळं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. वर्गात मास्तर ज्या मुलाला उत्तर येतं त्याच्याकडे बघतो, तसं.

मी वहीच्या शिवणीकडे बघत राहिलो.

त्यांनी नळी खाली ठेवली. “साहेब, भांडी साफ होती.”

“मग हे काय आभाळातून पडलं?” सर म्हणाले. हेडक्लार्क हसले. मी हसलो नाही. माझ्या बाजूनं सांगण्यासारखं एवढंच आहे, आणि ते सांगण्यासारखं नाही.

महिनाअखेर मोहित्यांना कामावरून काढायचं ठरलं. जिन्यात त्यांनी मला गाठलं. आवाज हळू. “मी नागपूरला होतो हे मी बोलणार नाय. त्यात तुमची सही बाहेर येते. पण फॉस्फेटचं तुम्ही सांगा. ती नुसती चूक हाय, बी.एस्सी. चुकीला कोण फाशी देत नाय.”

बघा, त्यांनी मला वाटसुद्धा काढून दिली होती. सही लपलेली राहील, सरांच्या शिव्या खाव्या लागतील, कदाचित शेरा वाईट पडेल — आणि त्यांची पंधरा वर्षांची नोकरी वाचेल. यापेक्षा सोपं कुणी काय करून देणार?

“उद्या सांगतो, दादा,” मी म्हटलं.

महिना संपायला तेरा दिवस होते. रोज एक उद्या होता. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मोहित्यांनी माझ्याकडे बघणं सोडलं. शेवटच्या दिवशी त्यांनी मोरी घासली, ब्रश उलटे करून वाळत ठेवले, आणि गेले. त्यांच्या जागी आलेल्या माणसाला भांडं तिरकं धरून बघायचं मी शिकवलं.

पुढची गोष्ट लवकर सांगतो. तिच्यात मला शोभेल असं काही नाही. काही दिवसांनी परळच्या बाजारात अनुसयावहिनी भेटल्या. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. त्या म्हणाल्या, “भाऊजी, वाळलात की हो. दुपारचं काय खाता आता?” म्हणजे मोहित्यांनी घरात काही सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. मी म्हटलं, खातो काहीतरी. आणि मी भाजी न घेताच निघून आलो.

मग मोहित्यांचं एक कार्ड आलं. माझगावच्या गोदीत काम मिळतंय, वागणुकीचा दाखला हवा. मी लगेच इंग्रजीत टाइप करून पाठवला. प्रामाणिक, आज्ञाधारक, नियमित — सगळं घातलं. ‘काळजीपूर्वक काम करणारा’ एवढं घातलं नाही. दाखला फिरत फिरत सरांच्या नजरेस पडला तर? त्या माणसाचा जो एक गुण मी सगळ्यांत जवळून पाहिला होता, तेवढा गाळला. गोदीत त्यांना जहाजांचा गंज खरवडायचं काम मिळालं. फ्लास्कला गेलेला केसाएवढा तडा ज्यांच्या बोटांना कळायचा, ती बोटं.

आणि प्रयोग? पुन्हा यकृतं आली, पुन्हा प्रथिन जमलं, या वेळी मी ॲसिटेट वापरलं. उत्तम आकडे आले. सरांच्या नावामागे माझं नाव लागून निबंध परदेशी नियतकालिकात छापून आला. त्यात एक वाक्य मी घातलं होतं: फॉस्फेटमुळे जस्ताचा साका होत असल्यानं ते टाळून ॲसिटेट निवडलं. सरांनी त्या वाक्याखाली रेघ मारली आणि म्हणाले, शाब्बास पोरे, हे बारकावे तुझ्या लक्षात येतात. तिथून माझं नाव झालं. कायम झालो. मग अधिव्याख्याता, मग पुस्तक. बफरवाले पोरे. ते ज्ञान मोरीपाशी, ओल्या हातांनी, फुकट दिलेलं होतं. ज्यांनी दिलं त्यांच्याच पोटावर पाय देऊन मी ते स्वतःच्या नावानं छापलं.

राज्य झालं त्या दिवशी मी शिवाजी पार्कवर होतो. रोषणाई होती. कुणीतरी कपाळाला गुलाल लावला. न्याय झाला, असं सगळे म्हणत होते. मीही म्हणालो.

पुढे मी दादरला घर घेतलं. दरवर्षी सहा डिसेंबरला माझ्या इमारतीखालून समुद्राकडे जाणारी रांग लागते. दरवर्षी मी गॅलरीत उभा राहून ती बघतो. शेजाऱ्यांना वाटतं, पोरे सरांना आस्था आहे. मी एक चेहरा शोधत असे. एका वर्षी तो दिसला. पांढरा सदरा, काठी, मान किंचित तिरकी, भांडं उजेडात धरताना असायची तशी. त्यांनी वर पाहिलं की नाही, मला माहीत नाही. मी मागे सरकून दार लावून घेतलं. तेव्हा माझं कोण काय बिघडवणार होतं? नोकरीतून निवृत्त झालो होतो. सर वारले होते. भिण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी मी दार लावलं. म्हणून सांगतो, भीती वगैरे म्हणू नका. तरुण होता, गरीब होता, असंही म्हणू नका. मोहितेही गरीब होते.

तर गौरवग्रंथाच्या संपादकांनो, हा तुमचा लेख. बफर निवडताना काय बघायचं, ते त्यात सगळं आलं आहे. माझ्या पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत पहिल्या पानावर कुणाचं नाव असेल, ते मी प्रकाशकाला कळवलं आहे. संस्थेलाही एक प्रत गेली आहे. तिथे आता त्या वहीची कुणाला गरज नसेल, पण कागद त्यांच्या दप्तरी राहू दे. शाल आणि नारळ मी घेणार नाही.

बी.डी.डी. चाळीतला पत्ता तोच आहे. गेल्या सोमवारी तिथे रजिस्टर पत्र टाकलं. शुक्रवारी पोचपावती परत आली. तिच्यावर थरथरत्या हाताची सही आहे — भा. मो. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी ती हुबेहूब काढली होती. त्यांच्या ‘मो’ची मात्रा शेवटी किंचित खाली वळते. माझी सरळ होती.

पत्र हे असं.

आदरणीय भागुरामदादा यांस,

सविनय जय भीम.

त्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी प्रयोगाची चोवीस भांडी मी धुतली. तुम्ही नागपूरला होतात. वहीतली तुमची सही मी केली होती. नळ्यांत जे पांढरं आलं तो मळ नव्हता, जस्ताचं फॉस्फेट होतं. बफर मी चुकीचं घेतलं, आणि सरांनी विचारलं तेव्हा खोटं सांगितलं. सर येण्याआधीच तेजाबाचा थेंब टाकून मी खात्री करून घेतली होती. जिन्यात तुम्ही जे सांगितलंत ते करायला मला तेरा दिवस होते. मी केलं नाही.

फॉस्फेटची गोष्ट मला तुम्ही सांगितली होती. ती मी माझी म्हणून छापली आणि तिच्यावर जगलो.

या पत्राची प्रत संस्थेला दिली आहे. तुम्हाला ते कुणालाही दाखवता येईल.

तुम्ही त्या खोलीत एकच वाक्य बोललात, आणि ते खरं होतं. भांडी साफ होती. मी एकेक नळी उजेडात तिरकी धरून पाहिली होती. एकीवरही पाण्यानं मणी धरला नव्हता. तुम्ही शिकवलं होतं तशीच मी ती धुतली होती.

दत्तात्रय विठ्ठल पोरे